बाय ज्युयीच्या साठ भरत्या

‘सकाळची भरती ओसरते न ओसरते तोच संध्याकाळची येते, महिन्यात साठ फेऱ्या होतात,’ असे चिनी कवी बाय ज्युयीने हांगझोऊ शहराजवळच्या छ्यानथांग नदीवर लिहिले. या नदीत समुद्राची भरती पाण्याची भिंत होऊन उलटी चढते. 822 ते 824 या काळात तो तिथला प्रशासक होता. हिशेब मांडून पाहा. दोन भरत्यांमध्ये सुमारे 12 तास 25 मिनिटे जातात, म्हणून भरती रोज साधारण 50 मिनिटे उशिरा येते. चांद्रमासात त्या भरतात 57. तीनपैकी दोनची तूट पडते ती रोजच्या त्या 50 मिनिटांमुळे, उरलेली एक चांद्रमास तीसऐवजी साडेएकोणतीस दिवसांचा असल्यामुळे.

हांगझोऊचा उपसागर मुखाशी सुमारे 100 किलोमीटर रुंद आहे. आत यानक्वान गावाजवळ नदी जेमतेम 3 किलोमीटर उरते. या नरसाळ्यात भरतीची उंची वाढते, पण तेवढ्याने पाण्याची भिंत उभी राहत नाही. तळाशी गाळाचा लांबलचक उंचवटा आहे आणि उथळ पाण्यात लाटेचा वेग खोलीवर ठरतो. पुढचे पाणी उथळात रेंगाळते, मागचे खोल पाणी वेगाने येऊन त्याला गाठते. उतार चढत चढत अखेर फेसाळ भिंत होतो: उंची साधारण 1 ते 3 मीटर, वेग ताशी 20 ते 25 किलोमीटर.

त्याच काळातला कवी ल्यू यूशी (772–842) मात्र म्हणतो, चिनी पंचांगाच्या आठव्या महिन्यात लाट गर्जत येते, तिचा माथा ‘कित्येक झांग’ उंच असतो आणि ती डोंगराला धडकून मागे फिरते. एक झांग म्हणजे सुमारे 3 मीटर. नदीच्या मध्यावरच्या लाटेला हे माप फार मोठे होते, पण काठावर आदळून उडणारे पाणी 10 मीटरपर्यंत जाते. कवीची नजर त्या धडकेवर आहे, हे विसरून त्याला अतिशयोक्तीचा दोष देऊ नये. गर्जनाही खरीच: फेसात कोंडलेले हवेचे असंख्य बुडबुडे कंप पावतात, त्यांचा तो आवाज.

नंतरचा कवी सू शी याने गौरवली ती आठव्या महिन्याच्या अठराव्या दिवसाची भरती. आपल्या पंचांगात बहुतेक वर्षी भाद्रपद पौर्णिमेनंतरचा तिसरा दिवस. उधाण पौर्णिमेलाच शिगेला पोहोचत नाही, कारण समुद्राचा प्रतिसाद चंद्र-सूर्याच्या ओढीमागे दोनेक दिवस रेंगाळतो. शरद संपात (दिवस-रात्र समान असण्याचा काळ) जवळ असल्याने ओढही जोरदार असते.

त्या कवितांमधले ‘समुद्रद्वार’ शोधायला गेलात तर पाणी सापडणार नाही. तेव्हा नदी कान आणि झे या टेकड्यांमधून समुद्राला मिळत असे. पुढे पात्र उत्तरेला सरकले आणि त्या टेकड्या जमिनीत राहिल्या. ल्यू यूशीची परतणारी लाट आज यानक्वानच्या वरच्या अंगाला लाओयानत्सांगला दिसते. तिथे नदीत घातलेल्या बांधावर आपटून पाणी उलटे फिरते. पहिली लाट पुढे गेली की लोक निर्धास्त होऊन कठड्याशी सरकतात, आणि नेमके तेव्हाच परतलेले पाणी तटबंदीवरून आत कोसळते. म्हणून बघायचे ते कठड्यापासून लांब, उंचावरून. तटाखालच्या बांधांवर तर उतरूच नये.