व्हिडिओ लायब्ररी स्ट्रीमिंगच्या आधीच का खिळखिळी झाली

घरबसल्या सिनेमे मिळू लागले आणि कोपऱ्यावरची व्हिडिओ लायब्ररी बंद पडली, असं सर्रास सांगितलं जातं. तारखा मात्र याला साथ देत नाहीत. नेटफ्लिक्सचं स्ट्रीमिंग सुरू झालं २००७ साली. हा धंदा जिथे फोफावला त्या अमेरिकेत एकेकट्या मालकांची कित्येक दुकानं त्याआधीच उठली होती.

घरगुती व्हिडिओ कॅसेटच्या पद्धतींपैकी सोनीचं बेटामॅक्स १९७५ चं, जेव्हीसीचं व्हीएचएस त्याच्या पुढच्या वर्षीचं. टीव्हीवरचे कार्यक्रम टेप करून सवडीने पाहता यावेत, हा त्यांचा मूळ उपयोग. १९७७ मध्ये मॅग्नेटिक व्हिडिओ या छोट्या कंपनीने ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्सच्या ५० चित्रपटांचे हक्क घेऊन त्यांच्या कॅसेट विकायला काढल्या. त्याच वर्षाच्या अखेरीस जॉर्ज अ‍ॅटकिन्सन यांनी लॉस एंजेलिसमध्ये त्या कॅसेट विकत घेऊन भाड्याने द्यायला सुरुवात केली. वर्षाची वर्गणी ५० डॉलर, आजीव सभासदत्व १०० डॉलर, शिवाय दिवसाचं भाडं १० डॉलर.

स्टुडिओंना हे मुळीच रुचलं नाही, पण कायदा अ‍ॅटकिन्सन यांच्या बाजूने होता. रीतसर विकत घेतलेली प्रत पुढे विकायची की भाड्याने द्यायची, हे अमेरिकी कॉपीराइट कायद्यानुसार घेणाराच ठरवतो. निर्मात्याची परवानगी लागत नाही. गाण्यांच्या रेकॉर्ड भाड्याने देण्यावर १९८४ मध्ये बंधन आलं. सिनेमांसाठीही तसंच बंधन स्टुडिओंना हवं होतं, ते मिळालं नाही. चार कपाटं आणि थोडं भांडवल असलेल्या कुणालाही दुकान थाटता आलं ते यामुळे.

भाड्यात वाटा मिळत नाही म्हटल्यावर स्टुडिओंनी कॅसेटचीच किंमत चढवली. नव्या सिनेमाची कॅसेट ८०-९० डॉलरला जाऊ लागली. माझ्या मते लायब्ररीचं खरं भांडवल हेच होतं. एवढे पैसे मोजून कुठलं घर कॅसेट विकत घेणार? दुकानदार मात्र तीच कॅसेट पुन्हा पुन्हा भाड्याने देऊन पैसे वसूल करायचा आणि पुढचा नफा त्याच्या गल्ल्यात पडायचा.

(कोण काय पाहतं याची इत्थंभूत नोंद दुकानदाराकडे असायची. सर्वोच्च न्यायालयासाठी नाव सुचवलं गेलेल्या रॉबर्ट बोर्क यांनी भाड्याने नेलेल्या सिनेमांची यादी १९८७ मध्ये एका वृत्तपत्राने छापली. त्यात आक्षेपार्ह काहीच नव्हतं. तरी पुढच्याच वर्षी अशा नोंदी गुप्त ठेवण्याचा कायदा झाला. आपलं नाव पुढे कधी येईल, या धास्तीने खासदार एरवीपेक्षा जरा चपळाईने हलले असावेत.)

महाग कॅसेटमुळेच छोट्या दुकानांची कोंडीही व्हायची. नवा सिनेमा आला की साऱ्यांना तो एकाच शनिवारी हवा असतो आणि दुकानात प्रती दोन-तीन. डॅलसमध्ये १९८५ साली पहिलं दुकान उघडलेल्या ब्लॉकबस्टर या व्हिडिओ दुकानांच्या साखळीने नव्वदच्या दशकाअखेरीस यावर तोड काढली. कॅसेट जवळपास नाममात्र दरात घ्यायच्या आणि भाड्याच्या उत्पन्नातला वाटा स्टुडिओंना द्यायचा, असे करार तिने केले. मग एकेका सिनेमाच्या प्रतींनी तिची कपाटं भरून गेली. छोटे दुकानदार कोर्टात गेले आणि हरले. गल्लीबोळातल्या दुकानांना मोठा दणका बसला तो इथे.

दुसरा दणका डीव्हीडीचा. अमेरिकेत ती १९९७ मध्ये आली, तीच मुळी ग्राहकाने विकत घ्यावी अशा किमतीला. कॅसेटची महागाई भाड्याच्या धंद्याला जो आधार देत होती तो गेला. शिवाय डिस्क पातळ आणि हलकी, साध्या पाकिटातून टपालाने जाणारी. नेटफ्लिक्सने १९९८ मध्ये नेमकं तेच सुरू केलं आणि पुढच्या वर्षी महिन्याची वर्गणी आणली. डिस्क हवी तितके दिवस ठेवा, दंड नाही. ब्लॉकबस्टरला २००० साली उशिराच्या दंडापोटी जवळपास ८० कोटी डॉलर मिळाले होते; एवढी मिळकत सोडून देणं तिला सोपं नव्हतं. त्याच वर्षी नेटफ्लिक्स ५ कोटी डॉलरना विकत घेण्याचा प्रस्ताव तिने नाकारला. या नकाराचे किस्से आजही रंगवून सांगितले जातात, पण नेटफ्लिक्स तेव्हा तोट्यात होती, हे त्यांत सहसा येत नाही.

२००४ च्या सुमारास ब्लॉकबस्टरची जगभरात नऊ हजारांच्या आसपास दुकानं होती. २०१० मध्ये तिने दिवाळखोरी जाहीर केली. २०१९ पासून त्या नावाचं एकच दुकान उरलं आहे, ओरेगॉनमधल्या बेंड गावात. टपालाने डिस्क पाठवणं नेटफ्लिक्सनेही सप्टेंबर २०२३ मध्ये थांबवलं.

अ‍ॅटकिन्सन यांना विकत घ्यायला निदान कॅसेट होती. आता कित्येक मालिका आणि सिनेमे डिस्कवर निघतच नाहीत, आणि स्ट्रीमिंगवर ग्राहकाला मिळतो तो फक्त पाहण्याचा परवाना. तो पुढे भाड्याने देता येत नाही.