नागरी स्वातंत्र्य आणि नागरी हक्क: अमेरिकेतील दोन लढ्यांची गल्लत

अमेरिकेतील कृष्णवर्णीय आणि मुस्लिम समाजांच्या एकजुटीविषयी बोलताना ‘नागरी स्वातंत्र्य’ आणि ‘नागरी हक्क’ हे शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात. बोलणे, संघटना बांधणे, उपासना करणे, विनाकारण झडती न होणे ही स्वातंत्र्ये. तिथे मागणी एवढीच, की सरकारने हात आवरावा. हक्कांचा प्रश्न समान वागणुकीचा असतो आणि तिथे सरकारला उलट पुढे यावे लागते. खाणावळीच्या मालकाने वर्ण पाहून गिऱ्हाईक परत पाठवले, तर त्याला अडवायला १९६४ चा नागरी हक्क कायदा लागतो. आपल्या राज्यघटनेतील अनुच्छेद १९ आणि १५ शेजारी ठेवून वाचले, तर हा फरक चटकन उमगतो.

प्रत्यक्षात मात्र दोन्ही गोष्टी एकाच फिर्यादीत गुंतलेल्या सापडतात. इलिनॉयमधील स्टेटव्हिल तुरुंगातील, नेशन ऑफ इस्लाम या कृष्णवर्णीय मुस्लिमांच्या संघटनेशी जोडलेल्या एका कैद्याची तक्रार अशी होती, की केवळ धर्मामुळे आपल्याला काही धार्मिक पुस्तके विकत घेऊ दिली जात नाहीत आणि इतर कैद्यांना असलेल्या सवलतीही नाकारल्या जातात. तक्रारीचा पहिला भाग स्वातंत्र्याचा, दुसरा समतेचा. त्याने आधार घेतला तो १८७१ च्या कायद्याचा, जो नुकत्याच मुक्त झालेल्या गुलामांना कु क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्चस्ववादी संघटनेच्या दहशतीपासून वाचवण्यासाठी केला गेला होता. ‘कूपर विरुद्ध पेट’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २२ जून १९६४ रोजी, जेमतेम परिच्छेदभर आदेशात, ही फिर्याद चालवण्याजोगी ठरवली. नागरी हक्क कायद्यावर राष्ट्राध्यक्षांची सही त्यानंतर दहाच दिवसांनी झाली. गाजली ती सही, पण तुरुंगातल्या माणसाला न्यायालयाचे दार त्या आदेशाने उघडले.

एकजूट म्हटली, की मोर्चे आणि भाषणेच डोळ्यांसमोर येतात. माझ्या मते तिचा टिकाऊ भाग अशा कागदपत्रांत आहे. न्यूयॉर्क पोलिसांच्या राजकीय हेरगिरीविरुद्ध १९७१ मध्ये दाखल झालेला हॅन्डशू खटला ब्लॅक पँथर या कृष्णवर्णीयांच्या लढाऊ पक्षाच्या सदस्यांसह अनेक कार्यकर्त्यांवरील पाळतीतून उभा राहिला आणि १९८५ मध्ये पोलिसांना बंधने मान्य करावी लागली. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यांनंतर, २००३ मध्ये, ती सैल झाली. पुढे मशिदी आणि कॅफे यांवर पोलिसांची नजर असल्याचे उघड झाले, तेव्हा त्याच जुन्या खटल्याच्या आधारे पुन्हा दाद मागण्यात आली. २०१७ च्या तडजोडीत, धर्म किंवा वंश हे चौकशीचे ठोस कारण असू नये, असे कलम आले आणि देखरेख समितीवर पोलीस खात्याबाहेरचा एक वकीलही बसला.