मॉरिशसची दूरसंचार बाजारपेठ

मॉरिशस या हिंदी महासागरातील बेटराष्ट्रात टेलिफोन, मोबाइल आणि इंटरनेट सेवांचा जो व्यवसाय चालतो त्याची ही नोंद. देशाचे क्षेत्रफळ सुमारे २,०४० चौ. किमी., म्हणजे रत्नागिरी जिल्ह्याच्या साधारण पाव हिस्सा. लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास. एवढ्याशा गिऱ्हाइकीवर तीन मोबाइल कंपन्या चालतात आणि सिमकार्डांची संख्या माणसांच्या दीडपट भरते. तीन कंपन्या आहेत म्हणजे तिथे स्पर्धा आहे, असे मात्र लगेच म्हणता येत नाही. समुद्राखालची केबल आणि घरापर्यंत जाणारी तार कोणाच्या ताब्यात आहे, यावर तिथले बरेच काही ठरत आले आहे.

बेटाला बाहेरच्या जगाशी बोलण्याची निकड जुनीच. राजधानी पोर्ट लुईच्या मागच्या एका डोंगराचे नाव ‘सिग्नल माउंटन’ आहे. येणाऱ्या जहाजांची वर्दी तिथून निशाणे चढवून शहराला दिली जाई. टेलिफोन आला १८८३ मध्ये. १८९३ मध्ये सेशेल्समार्गे झांझिबारपर्यंत समुद्राखालून तारायंत्राची केबल पडली आणि १९०१ मध्ये दरबान ते ऑस्ट्रेलियातील पर्थ ही केबल मॉरिशस व रॉड्रिग्ज बेटांवरून गेली. साखरेच्या व्यापाराला आणि ब्रिटिश साम्राज्याच्या कारभाराला तिची गरज होती. ऊसमळ्यांवर राबणाऱ्या भारतीय गिरमिटियांना, ज्यांत कोकणातून गेलेले मराठी लोकही होते, तिचा उपयोग शून्य.

आजच्या बाजारपेठेची सुरुवात १९८९ ची. त्या वर्षी ‘एमटेल’ या खासगी कंपनीने मोबाइल सेवा चालू केली. पोर्ट लुईच्या करीमजी जीवनजी या गुजराती मूळ असलेल्या घराण्याने मिलिकॉम या परदेशी कंपनीच्या भागीदारीत ती काढली होती. दक्षिण गोलार्धातील ही पहिली मोबाइल सेवा, असे एमटेल अभिमानाने सांगते. भारतात पहिला मोबाइल कॉल १९९५ मध्ये झाला, हे लक्षात घेतले तर या घाईचे नवल वाटते. बहुतेक देशांत मोबाइलचा मान आधी सरकारी खात्याने घेतला आणि खासगी कंपन्या नंतर आल्या. मॉरिशसमध्ये नेमके उलटे झाले.

सरकारी बाजूला देशांतर्गत आणि परदेशी सेवा पाहणाऱ्या दोन संस्था एकत्र करून १९९२ मध्ये ‘मॉरिशस टेलिकॉम’ उभी राहिली. १९९६ मध्ये तिने ‘सेलप्लस’ ही उपकंपनी मोबाइलच्या मैदानात उतरवली आणि खरी झुंज लागली. एमटेलची तक्रार अशी की, लँडलाइनची मक्तेदारी ज्यांच्याकडे आहे तेच त्या कमाईच्या जोरावर मोबाइलचे दर पाडत आहेत, आणि ज्यांनी आवर घालायचा ते गप्प बसले आहेत. वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि वर्षानुवर्षे चालला. ग्राहकाला मात्र या भांडणाचा फायदाच झाला. मळेवाल्यांच्या आणि बड्या व्यापाऱ्यांच्या गाडीतला फोन सामान्य माणसाच्या खिशात आला तो याच काळात.

नोव्हेंबर २००० मध्ये मॉरिशस टेलिकॉमचे ४० टक्के भाग फ्रान्स टेलिकॉमने (आजची ऑरेंज) विकत घेतले. उरलेले बहुतांश भाग सरकार, स्टेट बँक आणि पेन्शन फंड यांच्याकडे राहिले. पुढच्याच वर्षीच्या कायद्याने ‘इक्टा’ हे नियामक प्राधिकरण आले. जागतिक व्यापार संघटनेला दिलेल्या शब्दाप्रमाणे मक्तेदारी २००४ पर्यंत संपवायची होती. ती २००२ च्या अखेरीसच संपवण्यात आली. तेव्हा सरकारला साखर आणि कापडाच्या जोडीला कॉल सेंटर व संगणक सेवांचा तिसरा आधार हवा होता. एबेन येथे भारताच्या कर्जसाहाय्याने सायबर सिटी बांधली जात होती. परदेशी फोन महाग ठेवून तिथे गिऱ्हाईक येणार नव्हते.

दार उघडताच तिसरा खेळाडू आला तो मुंबईकरांच्या ओळखीचा. महानगर टेलिफोन निगम, म्हणजे एमटीएनएल, हिने ‘महानगर टेलिफोन (मॉरिशस)’ ही उपकंपनी काढली आणि २००४ मध्ये परवाना मिळवला. सुरुवात सीडीएमए या मोबाइल तंत्रज्ञानावर झाली. पुढे ती जीएसएम या अधिक रुळलेल्या तंत्रज्ञानाकडे वळली आणि ‘चिली’ या नावाने सिम विकू लागली. मुंबईत खासगी कंपन्यांपुढे मागे पडत गेलेली ही सरकारी कंपनी तिथे मात्र स्वस्त दराची नवखी म्हणून उतरली. पहिल्या दोघींशी तिची बरोबरी कधी झाली नाही. पण एवढ्या लहान बाजारात तिसऱ्याने नुसते टिकून राहणेही पहिल्या दोघांच्या दरांवर वचक ठेवते.

बाजारात नावे वरचेवर बदलली. सेलप्लस २००८ मध्ये ‘ऑरेंज’ झाली आणि नंतर ‘माय टी’. क्रमांकही बदलले: १ सप्टेंबर २०१३ पासून सात आकडी मोबाइल क्रमांकांच्या आधी ५ लागला, लँडलाइन सात आकडीच राहिली. त्यामुळे आकडे मोजले की फोन घरचा की खिशातला ते कळते. रिचार्ज मिळतो कोपऱ्यावरच्या ‘तबाजी’त. तंबाखूपासून पावापर्यंत सगळे ठेवणारे हे छोटे दुकान म्हणजे आपली पानटपरी आणि किराणा यांच्या मधली काहीतरी चीज.

स्पर्धेचा कस लागतो तो समुद्राखाली. २००२ मध्ये ‘सेफ’ ही ऑप्टिकल फायबर केबल सुरू झाली. दक्षिण आफ्रिकेहून निघून रियुनियन, मॉरिशस, कोची असे टप्पे घेत ती मलेशियातील पेनांगला जाते. तिचे मॉरिशसमधले टोक दक्षिण किनाऱ्यावरील बे द्यु जाकोते येथे वर येते आणि ते मॉरिशस टेलिकॉमच्या हाती आहे. प्रतिस्पर्ध्याला इंटरनेट विकायचे तर त्याचा कच्चा माल याच दारातून विकत घ्यायचा, अशी ही गाठ. इक्टाने घाऊक दरांवर नियंत्रण ठेवून ती सैल केली. २००९ ची ‘लायन’ केबल मादागास्करकडे गेली, पण तीही ऑरेंजच्या गटाचीच. २०२१ मध्ये ‘मेटिस’ केबल कार्यान्वित झाली तेव्हा एमटेलला भागीदारीत स्वतःची वाट मिळाली. मोबाइलमध्ये पदार्पण करून तोवर ३२ वर्षे उलटली होती.

जमिनीवर चित्र वेगळे नाही. मॉरिशस टेलिकॉमने २०१८ च्या सुमारास जवळजवळ सर्व बेटावर घराघरांत फायबर पोहोचवले. आफ्रिकेच्या भागात हे काम इतक्या लवकर क्वचितच कुणी केले असेल. घरापर्यंतची तार हाती नसल्याने एमटेलने घरगुती इंटरनेटसाठी मोबाइल टॉवरवर चालणारा राउटर पुढे केला.

रॉड्रिग्ज या सुमारे ६०० किमी. पूर्वेकडील बेटाला तर २०१९ पर्यंत उपग्रहावरच भागवावे लागत होते. त्या वर्षी सरकारच्या पुढाकाराने ‘मार्स’ केबल पडली. तिथल्या चाळीसेक हजार माणसांसाठी कोणत्याही खासगी कंपनीने हा खर्च उचलला नसता.

ऑक्टोबर २०२४ मध्ये, निवडणूक तोंडावर असताना, चोरून टेप केलेली राजकारणी आणि पत्रकारांची फोन संभाषणे समाजमाध्यमांवर झळकू लागली. मतदान दहा दिवसांवर आले तेव्हा इक्टाने सर्व इंटरनेट कंपन्यांना ११ नोव्हेंबरपर्यंत समाजमाध्यमे बंद ठेवण्याचा आदेश दिला. एरवी एकमेकींचे गिऱ्हाईक पळवणाऱ्या कंपन्यांना तो सारखाच लागू होता. ओरड इतकी झाली की दिवसाभरात तो मागे घ्यावा लागला. १० नोव्हेंबरच्या मतदानात सत्ताधारी आघाडी पार झोपली.