अमेरिकेत दोन सीटचं टेलड्रॅगर विमान घेताय? रजिस्ट्रेशनचा अर्ज नेमका कुठे अडकतो

अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या लोकांत फ्लाइंग शिकणारे आता बरेच आहेत, आणि लायसन हातात आलं की काहींचा जीव सुपर कब किंवा सिटाब्रियासारख्या टेलड्रॅगर विमानात अडकतो. पुढेमागे दोन सीट, शेपटीखाली छोटं चाक, आणि आयडाहोच्या डोंगरात जॉन्सन क्रीकसारख्या गवताच्या पट्टीवर उतरता येईल असं. विमान शोधतात, मेकॅनिककडून तपासून घेतात, पैसे देतात, आणि मग ओक्लाहोमा सिटीतल्या एफएएच्या (अमेरिकेच्या विमान वाहतूक खात्याच्या) रजिस्ट्रीचं पत्र येतं की अर्ज मंजूर होत नाही. तोवर पैसे गेलेले असतात. म्हणून टोकन द्यायच्या आधीच हे वाचा.

सगळ्यात जास्त लोक अडकतात ते स्टेटसमध्ये. स्वतःच्या नावावर विमान रजिस्टर करायला अमेरिकन नागरिक तरी लागतो, नाहीतर ग्रीन कार्डवाला. एच-वन, एल-वन, एफ-वन व्हिसा, ईएडी म्हणजे वर्क परमिट, यातलं काहीही चालत नाही. आय-१४० (ग्रीन कार्डसाठी कंपनीने केलेला अर्ज) मंजूर आहे, इतकी वर्षं टॅक्स भरतोय, घर स्वतःचं आहे, याला फॉर्मवर जागाच नाही. आयुष्याचा अर्धा काळ इथे काढून ग्रीन कार्डच्या रांगेत उभा असलेला माणूस आणि काल आलेला माणूस या फॉर्मला सारखेच, हे मला अजिबात पटत नाही, पण कायदा तसा आहे. ग्रीन कार्ड असेल तर त्यावरचा नंबर रजिस्ट्रेशनच्या अर्जावर, म्हणजे फॉर्म ८०५०-१ वर, लिहावा लागतो, तो रकाना रिकामा सोडू नका.

मग एच-वनवाल्यांनी काय करायचं? दोन वाटा आहेत. एक म्हणजे ट्रस्ट, यात कागदोपत्री मालक ट्रस्टी असतो, तो नागरिक किंवा ग्रीन कार्डवाला लागतो आणि दरवर्षी फी घेतो. दुसरी म्हणजे अमेरिकेत स्थापन केलेली कंपनी, पण तिचे मालक नागरिक नसतील तर विमानाचे किमान ६० टक्के उड्डाणाचे तास अमेरिकेतच व्हायला लागतात आणि त्याचा हिशोब ठेवावा लागतो. दोन्हीत सही करायच्या आधी इमिग्रेशनच्या वकिलाला विचारा, कारण विमानाचा कायदा वेगळा आणि व्हिसाचा वेगळा.

दोघा मित्रांनी मिळून घ्यायचं असेल तर नीट वाचा. एक नागरिक, एक ग्रीन कार्डवाला, आणि फॉर्मवर 'पार्टनरशिप' वर टिक केली, की अर्ज बाद, कारण पार्टनरशिपमध्ये प्रत्येक जण नागरिकच लागतो. त्याच दोघांनी 'को-ओनर' म्हणून अर्ज केला, दोघांनी सह्या केल्या, की चालतं! माणसं तीच, विमान तेच, फरक फक्त एका चौकोनाचा, आणि हे समजावून सांगायला कोणी बसलेलं नसतं.

आता नाव. आपल्याकडे मधलं नाव वडिलांचं किंवा नवऱ्याचं, पासपोर्टवर ते कधी गिव्हन नेममध्ये घुसलेलं, ग्रीन कार्डवर वेगळं, लग्नानंतर आडनाव बदललं पण जुन्या कागदांवर तेच राहिलं. बिल ऑफ सेलवर, म्हणजे विक्रीच्या कागदावर, विकणारा माणूस आपल्याला हाक मारतो तेच नाव घाईत लिहून मोकळा होतो. बिल ऑफ सेलवरचं खरेदीदाराचं नाव आणि अर्जावरचं नाव तंतोतंत एकच पाहिजे, आणि सहीखाली तेच नाव टाइप केलेलं किंवा सुट्या अक्षरांत लिहिलेलं पाहिजे. विकणाऱ्यासमोर बसून स्पेलिंग स्वतः सांगा, लाज वाटून घेऊ नका.

यापेक्षा त्रासदायक म्हणजे मधला गायब मालक. ही विमानं जुनी असतात, सुपर कब १९४९ मध्ये आलं, त्यामुळे हात बरेच बदललेले असतात. कोणीतरी विकत घेतलं, रजिस्टर केलंच नाही, तसंच पुढे विकलं. रजिस्ट्रीत अजून त्याच्या आधीच्याच मालकाचं नाव. सातबाऱ्यावर मधला फेरफार राहून गेला की पुढच्याची जशी फरफट होते तसंच हे, प्रत्येक मधल्या व्यवहाराचं बिल ऑफ सेल जोडावं लागतं, आणि तो माणूस वारला असेल तर वारसांचे कागद. म्हणून पैसे द्यायच्या आधी टायटल सर्च, म्हणजे मालकीच्या नोंदींची तपासणी, करा, जुन्या कर्जाचा बोजा फिटला तरी रजिस्ट्रीत अजून तसाच आहे का तेही त्यातच कळतं, आणि पैसे एस्क्रोमधून, म्हणजे व्यवहार पुरा होईपर्यंत पैसे सांभाळणाऱ्या तिसऱ्या संस्थेमार्फत, द्या.

त्याच वेळी एफएएकडून विमानाची पूर्ण फाइल मागवा आणि विमानाच्या लॉगबुकसोबत (देखभालीच्या नोंदवहीसोबत) ठेवून बघा. बॅककंट्रीच्या, म्हणजे डोंगराळ आडरानात उतरणाऱ्या, विमानांवर मोठे फुगीर टायर, वेगळा प्रॉपेलर, बदललेलं इंजिन असतंच. अशा मोठ्या बदलाला फॉर्म ३३७ लागतो, त्यात त्या बदलाची एफएएकडे नोंद होते. चाकाशी वाकून बघा, टायर ३१ इंची आहे, आणि फाइलमध्ये त्या टायरबद्दल एक ओळसुद्धा नाही, असं झालं तर थांबा. 'असंच उडवत होतो, कधी कोणी विचारलं नाही' हे उत्तर वार्षिक तपासणीला चालत नाही, आणि तो कागद उभा करायचा खर्च नवीन मालकाच्या, म्हणजे तुमच्या गळ्यात पडतो.

पायलटच्या बाजूचं थोडक्यात. शेपटीचं चाक असलेलं विमान कॅप्टन म्हणून उडवायला इन्स्ट्रक्टरची टेलव्हील एन्डॉर्समेंट (पायलटच्या लॉगबुकमधली सही) लागते, त्यात आडव्या वाऱ्यातलं लँडिंग, व्हील लँडिंग (शेपूट वर ठेवून पुढच्या चाकांवर उतरणं), गो-अराउंड (उतरणं सोडून पुन्हा वर जाणं) सगळं येतं. पॅसेंजर न्यायचा तर मागच्या ९० दिवसांत तीन टेकऑफ आणि तीन लँडिंग, आणि टेलव्हीलमध्ये ती पूर्ण थांबूनच, टच अँड गो (टेकून लगेच पुन्हा उडणं) धरत नाहीत. अजून फ्लाइंग शिकायचंच असेल तर टीएसएची (वाहतूक सुरक्षा खात्याची) मंजुरी आधी, आणि ही ग्रीन कार्डवाल्यांनाही लागते, 'आपण आता इथलेच' म्हणून सोडून देऊ नका. बेसिकमेड, म्हणजे एफएएच्या मेडिकलऐवजी साध्या डॉक्टरकडची तपासणी, सोपं पडतं खरं, पण १४ जुलै २००६ नंतर कधीतरी एफएएचं मेडिकल मिळालेलं असावं लागतं, म्हणजे नवख्याला आधी थर्ड क्लास मेडिकल. आणि स्पोर्ट पायलटला (हा लायसनचा सोपा, मर्यादित प्रकार) मेडिकलऐवजी ड्रायव्हिंग लायसन चालतं, पण शेवटचा मेडिकलचा अर्ज नाकारलेला असेल तर तेही दार बंद होतं. बीपी, शुगर असेल तर अर्ज भरण्याआधीच एव्हिएशनच्या डॉक्टरशी नुसतं बोलून घ्या. हे मी कळकळीने सांगतेय, एका घाईच्या अर्जाने चांगल्या माणसांचं उडणं थांबलेलं बघितलंय.

रजिस्ट्रेशनची फी ५ डॉलर, मुदत २०२३ पासून ७ वर्षं. पूर्वी ३ होती म्हणून लोक अजून गोंधळतात. नूतनीकरणाचा अर्ज पाठवलेलाच नसेल तर मुदत संपली की विमान जमिनीवर, चार दिवसांची सवलत वगैरे नाही. नोकरी बदलून गाव बदललं तर ३० दिवसांत पत्ता कळवा, नाहीतर नूतनीकरणाची नोटीस जुन्या घराच्या डब्यात पडून राहते.

अर्ज पाठवल्यावर त्याची दुसरी प्रत विमानात ठेवून ९० दिवसांपर्यंत उडवता येतं, पण फक्त अमेरिकेच्या हद्दीत. अलास्कातून विमान घेऊन उडवत सिएटलला आणायचा बेत असतो अनेकांचा, आणि मध्ये कॅनडा येतो. त्या प्रतीवर कॅनडात जाता येत नाही. पक्कं सर्टिफिकेट येईपर्यंत थांबा, किंवा अर्जासोबतच आंतरराष्ट्रीय उड्डाणाचं डिक्लेरेशन जोडा, म्हणजे फाइल रांगेत पुढे घेतात. त्यात जायची तारीख आणि मार्ग खरा लिहा.