एक्क्याऐंशीवी होडी: मासळीच्या आधी नफा का संपतो

एका समुद्रपट्ट्यात एका जातीची जास्तीत जास्त १०,००० टन मासळी मावते असे धरू. तिला कोणीच हात लावला नाही तर साठा त्यापुढे वाढत नाही, कारण खाद्य आणि जागा अपुरी पडते. साठा निम्म्यावर, म्हणजे ५,००० टनांवर आणला की वाढ सर्वांत जोमाने होते. ती वर्षाला १,००० टन समजू. दरवर्षी तेवढीच काढली तर साठा जिथल्या तिथे राहतो. याला ‘कमाल शाश्वत उत्पादन’ म्हणतात. मासेमारीची किती तरी धोरणे याच आकड्यावर बेतली गेली. पण त्यात खर्चाचा विचारच नाही.

आता खर्च घालू. डिझेल, बर्फ, जाळी, खलाशांची मजुरी आणि मालकाच्या भांडवलावरचा माफक परतावा मिळून एका होडीला वर्षाला ४ टन मासळीच्या किमतीएवढा खर्च येतो, आणि प्रत्येक होडी पाण्यात असलेल्या साठ्याच्या ०.२ टक्के मासळी पकडते असे माना. १०० होड्या असतील तर साठा ५,००० टनांवर राहतो, मिळतात १,००० टन, खर्च ४०० आणि उरतात ६०० टन. होड्या ८० केल्या तर साठा ६,००० टनांवर स्थिरावतो, मिळतात ९६० टन, खर्च ३२० आणि उरतात ६४०. पकड कमी, नफा जास्त, शिवाय पाण्यात १,००० टन मासळी अधिक.

मग ८० वर कोणी थांबत का नाही? एक्क्याऐंशीवी होडी उतरली की तिला ११.९ टन मिळतात. खर्च ४ टनांचा, म्हणजे मालकाच्या दृष्टीने धंदा झकास. पण सगळ्यांची मिळून पकड वाढते फक्त ३.९ टनांनी. उरलेले ८ टन बाकीच्या ८० जणांच्या जाळ्यातून आलेले असतात, प्रत्येकाचे १०० किलो. शंभरावी होडी तर १० टन घरी नेते आणि एकूण पकडीत तिची भर असते जेमतेम १०० किलोची! यात लबाडी कोणाचीच नाही. मी सोडलेला मासा दुसरा पकडणार, हे प्रत्येकाला पक्के ठाऊक असते. रोखणारे कोणी नसेल तर होड्या १६० पर्यंत वाढतात. तेव्हा प्रत्येकीला ४ टन मिळतात, नफा शून्य, साठा २,००० टन. हा तर्क कॅनडाचे अर्थतज्ज्ञ स्कॉट गॉर्डन यांनी १९५४ मध्ये मांडला.

अशा वेळी अडचणीतल्या मच्छीमारांसाठी स्वस्त डिझेलची मागणी होते, आणि ती समजण्यासारखीही असते. आपल्या गणितात सरकारने निम्मा खर्च उचलला तर होड्या १८० होतात, साठा १,००० टनांवर येतो आणि पकड ३६० टनांवर. खरा खर्च मात्र ७२० टनांचा. होडीमागे नफा पुन्हा शून्यच. जागतिक व्यापार संघटनेच्या २०२२ च्या करारात बेकायदा मासेमारीच्या आणि खालावलेल्या साठ्यांवरच्या अनुदानांना चाप बसला. ताफा फुगवणाऱ्या अनुदानांचा मोठा प्रश्न मात्र पुढच्या वाटाघाटींवर ढकलला गेला.

वरच्या हिशेबात एक सोय गृहीत धरली आहे: साठा घटला की होडीमागची पकडही त्याच प्रमाणात घटते. प्रत्यक्षात तसे होईलच असे नाही. कॅनडाच्या न्यूफाउंडलंड बेटाजवळचा कॉड मासा कमी होत गेला तसा उरलेल्या जागी दाटीने गोळा होत राहिला, आणि ट्रॉलर नेमके तिथेच पोहोचत होते. पकडीचे आकडे चांगले दिसले, त्यावरून साठ्याचा अंदाज फुगला. जुलै १९९२ मध्ये मासेमारी बंद करावी लागली आणि हजारो लोकांचा रोजगार एकदम गेला.

उपाय करताना चुकीची गोष्ट मोजली की वेगळाच घोळ होतो. अलास्कात हॅलिबट या मोठ्या चपट्या माशाच्या एकूण पकडीला मर्यादा होती, पण ती कोणी किती पकडायची हे ठरलेले नव्हते. साहजिकच शर्यत लागली. हंगाम आखडत १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला वर्षातून २४-२४ तासांच्या मोजक्या खेपांवर आला. वादळ असले तरी निघायचे, गळांच्या दोऱ्या गुंतल्या तर तोडून पुढे जायचे. तुटलेले गळ तळाशी मासे मारत राहायचे. सगळा माल एकदम किनाऱ्यावर येई, त्यामुळे बहुतेक गोठवावा लागे. १९९५ मध्ये प्रत्येकाचा वाटा आधीच ठरला, हंगाम सुमारे आठ महिन्यांचा झाला आणि ताजा मासा बाजारात येऊ लागला.

असा ठरवून दिलेला वाटा, म्हणजेच कोटा, हाही रामबाण नव्हे. मोजून वाटा मिळाला की लहान, कमी भावाचे मासे मेलेले असतानाच समुद्रात फेकून मोठ्यांसाठी जागा राखण्याचा मोह होतो. म्हणून डेकवर निरीक्षक किंवा कॅमेरा लागतो, आणि फेकलेला मासाही कोट्यात धरावा लागतो. वाटा टनांत द्यायचा की टक्क्यांत, हेही महत्त्वाचे. न्यूझीलंडने १९८६ मध्ये टनांत दिला. मग पकड कमी करायची तर सरकारला पैसे मोजून कोटा परत घ्यावा लागणार होता. १९९० मध्ये ते टक्क्यांवर आले. सर्वांत बोचरा प्रश्न पहिल्या वाटपाचा. जुन्या पकडीच्या नोंदी पाहून बोटमालकांना कोटा फुकट मिळतो, त्याच बोटीवर राबलेल्या खलाशाला काहीच नाही. पुढे कोटा विकला जातो आणि मोजक्या कंपन्यांकडे साचतो.

अमेरिकेच्या मेन राज्यातल्या शेवंडीला (लॉब्स्टरला) असा कोटा नाही. तिथे एका परवान्यावर जास्तीत जास्त ८०० सापळे लावता येतात. फार लहान आणि फार मोठ्या, दोन्ही शेवंडी परत सोडाव्या लागतात, कारण मोठी मादी कितीतरी जास्त अंडी देते. अंडी असलेली मादी सापडली तर तिच्या शेपटीच्या पाकळीला इंग्रजी ‘व्ही’च्या आकाराची खाच पाडून तिला सोडतात. पुढे अंडी नसताना ती दुसऱ्याच्या सापळ्यात आली तरी खाच पाहून त्यालाही सोडावीच लागते. हे जमते, कारण शेवंड सापळ्यातून जिवंत निघते आणि किनाऱ्यावरचे लोक एकमेकांना ओळखतात. खोल पाण्यातून जाळ्यात ओढून काढलेला कॉड परत सोडला तरी सहसा जगत नाही. त्याच्यासाठी जाळ्याच्या आसाचा, म्हणजे भोकाचा, आकारच आधी मोठा करावा लागतो.