ड्रायव्हर चिपवरचा घरगुती पॉवर ॲम्प्लिफायर

सिग्नलचे व्होल्टेज वाढवण्याचे काम एका आयसीकडे, म्हणजे ड्रायव्हर चिपकडे, आणि स्पीकरला करंट पुरवण्याचे काम बाहेरच्या मोठ्या ट्रान्झिस्टरांकडे सोपवून घरी बांधलेला ॲम्प्लिफायर. ठाणे आणि नवी मुंबईतले हौशी लोक याचे सुटे भाग बहुधा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून आणतात. ठाण्याहून निघालेला दादरला गाडी बदलतो आणि ग्रँट रोडला उतरतो. हीटसिंकसाठी, म्हणजे ट्रान्झिस्टरची उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या तुकड्यासाठी, मात्र एवढे लांब जायची गरज नसते. औद्योगिक पट्ट्यातल्या भंगारात जाड फिनचे ॲल्युमिनियम वजनावर मिळून जाते.

टीडीए२०३०, एलएम३८८६ किंवा टीडीए७२९४ यांसारख्या चिपमध्ये सगळा ॲम्प्लिफायर एकाच तुकड्यात असतो. बांधायला सोपा, पण सगळी उष्णता त्याच लहानशा पाठीवाटे बाहेर काढावी लागते आणि तिथेच त्याची मर्यादा येते. नॅशनल सेमीकंडक्टरने एलएम४७०२ आणि एलएमई४९८१० या चिप काढल्या, त्यांत आउटपुट ट्रान्झिस्टर मुद्दाम ठेवलेले नाहीत. एलएमई४९८१० उणे-अधिक २० ते १०० व्होल्टच्या सप्लायवर चालते, पण साधारण ५०-६० मिलिअँपिअरच देऊ शकते. उणे-अधिक ५० व्होल्टच्या रेलवर, म्हणजे सप्लायवर, ८ ओहमच्या स्पीकरला साडेपाच अँपिअरपर्यंत करंट लागतो. एवढ्या करंटला २एससी५२०० या आउटपुट ट्रान्झिस्टरचा गेन (तो करंट किती पट वाढवतो ते) ४०-५० धरला, तर त्याच्या बेसलाच, म्हणजे नियंत्रणाच्या टोकालाच, शंभराहून जास्त मिलिअँपिअर हवेत. म्हणून मध्ये २एससी४७९३ आणि २एसए१८३७ सारखी लहान ट्रान्झिस्टरांची जोडी घालतात. एलएम४७०२ चा करंट याहून कमी, तिथे तर या जोडीवाचून चालतच नाही.

चिपमुळे अवघड गणित सुटते, पण यश-अपयश त्यात नसते. ते ठरते ट्रान्झिस्टर, उष्णता आणि सप्लाय यांवर.

२एससी५२०० आणि २एसए१९४३ ही तोशिबाची जोडी २३० व्होल्ट, १५ अँपिअर आणि १५० वॉटची. बाजारात तिच्या नकला भरपूर. नकली नग मल्टिमीटरवर अगदी ठणठणीत दिसतो, कारण मीटर फक्त जंक्शन तपासतो. आतली सिलिकॉनची चकती किती लहान आहे हे त्याला कळत नाही. लोड पडला की तो जातो. जाताना शॉर्ट झाला तर ५० व्होल्ट डीसी थेट स्पीकरवर, म्हणजे व्हॉइस कॉइलला तीनशे वॉटचा चटका. अशा वेळी स्पीकरची जोडणी तोडणारा रिले (आपोआप चालणारा स्विच) लावायचा कंटाळा करणाऱ्याने आधी स्पीकरची किंमत आठवावी.

उष्णतेचा हिशेब उलटा वाटतो. वर्ग एबीमध्ये, म्हणजे अशा ॲम्प्लिफायरच्या रचनेत, ट्रान्झिस्टर सर्वाधिक तापतात ते पूर्ण आवाजाला नव्हे, तर साधारण ४० टक्के शक्तीला. ५० व्होल्टच्या रेलवर ८ ओहमला एका चॅनेलची ही उष्णता सुमारे ६३ वॉट भरते. बायस, म्हणजे आवाज नसतानाही ट्रान्झिस्टरमधून वाहू दिलेला थोडा करंट, प्रीसेटने (फिरवून बदलता येणाऱ्या रेझिस्टरने) लावतात: ०.२२ ओहमच्या एमिटर रेझिस्टरवर २२ मिलिव्होल्ट दिसले की १०० मिलिअँपिअर आयडल करंट वाहतो आणि नुसत्या चालू ठेवलेल्या एका जोडीतून १० वॉट निघतात. ट्रान्झिस्टर तापला की त्याचे बेस-एमिटर व्होल्टेज दर अंशाला सुमारे २ मिलिव्होल्टने उतरते, करंट वाढतो, तो आणखी तापतो. ही साखळी तोडणारा बायस ट्रान्झिस्टर त्याच हीटसिंकवर स्क्रूने कसलेला हवा. बायस लावायचा तोही अर्धा तास गरम करून, आणि शक्यतो मे महिन्यात. डिसेंबरात लावलेला बायस उन्हाळ्यात बंद कपाटात वर सरकतो.

३५-०-३५ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर रेक्टिफायर आणि कॅपॅसिटरनंतर जवळपास ५० व्होल्टची रेल देतो. मेन्सचे (घरातल्या विजेचे) व्होल्टेज चढले की तीही चढते. हम (स्पीकरमधली सततची गुणगुण) ऐकू आला तर आधी ग्राउंड बघावे: कॅपॅसिटरच्या चार्जिंगचा करंट आणि इनपुटचा ग्राउंड एकाच वायरीतून गेले असतील. पहिल्यांदा चालू करताना स्पीकर काढून ठेवतात आणि मेन्सच्या लाइनमध्ये ६० वॉटचा तारेचा बल्ब सिरीजमध्ये घालतात. तो क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक, पेटलेलाच राहिला तर शॉर्ट. एलईडी बल्ब इथे कामाचा नाही.

शंभर वॉट खरे तर लागतात का? नेरूळ-वाशीच्या सोसायटीतल्या हॉलमध्ये ८७ डेसिबल संवेदनशीलतेचा स्पीकर एका वॉटला एक मीटरवर तेवढाच आवाज देतो आणि निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५, रात्री ४५ डेसिबल आहे. वरची शक्ती तबल्याच्या थापेसारख्या क्षणिक शिखरांसाठी. गणेशोत्सवाच्या मंडपाला ती खरोखर लागते, पण तिथे घरगुती बोर्ड नेऊ नये.

२०११ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने नॅशनल विकत घेतल्यानंतर या ड्रायव्हर चिप हळूहळू बंद होत गेल्या. आज विकायला येणाऱ्या चिपबद्दल ट्रान्झिस्टरइतकाच संशय धरावा लागतो. म्हणून बरेच जण ड्रायव्हरचा टप्पाही सुट्या ट्रान्झिस्टरांनी बांधू लागले आहेत.