परवाना कुठाय? सॉव्हरिन हिलमागचा इतिहास

आम्ही चौघं मेलबर्नहून निघालो आणि दीड तासात बॅलरॅटला पोचलो. सॉव्हरिन हिल म्हणजे सोन्याच्या खाणींच्या काळातलं गाव उभं केलेलं उघड्यावरचं संग्रहालय. तिथल्या मातीच्या रस्त्यावर दहा पावलं टाकली असतील-नसतील, तोच जुन्या गणवेशातल्या एका शिपायानं आमच्यातल्या एकाला अडवलं. "परवाना कुठाय?" यानं खिशातून गाडीचं लायसन्स काढून पुढे केलं. शिपायासकट सगळे हसले. 1854 मध्ये हाच प्रश्न इथे विचारला जायचा तेव्हा कुणी हसत नसे.

बॅलरॅट ज्या व्हिक्टोरियात आहे, ती ऑस्ट्रेलियातली वेगळी ब्रिटिश वसाहत झाली 1 जुलै 1851 ला. शेजारच्या न्यू साउथ वेल्समध्ये तेव्हा नुकतंच सोनं सापडलं होतं आणि माणसं तिकडे पळत होती. ऑगस्टमध्ये बॅलरॅटलाही सोनं लागलं आणि ओघ उलटा फिरला. 1851 मध्ये व्हिक्टोरियाची वस्ती 77 हजार होती, दहा वर्षांत ती 5 लाख 40 हजारांवर गेली. शेतावरचे मजूर, बंदरातले खलाशी, दुकानातले कारकून, सगळे फावडी घेऊन निघाले. गव्हर्नर ला ट्रोब यांनी यावर तोडगा काढला तो परवान्याचा: खोदायचं असेल तर महिना 30 शिलिंग भरा.

खरी मेख इथेच होती. पैसे सापडलेल्या सोन्यावर नव्हते, खोदण्यावर होते. सुरुवातीला सोनं वरच्या थरात होतं तोवर ठीक होतं. पण बॅलरॅटचं मोठं सोनं जमिनीखाली गाडल्या गेलेल्या प्राचीन नद्यांच्या पात्रांत होतं. शंभर-दीडशे फूट विहीर खणायची, चिखलपाणी उपसायचं, महिनोन् महिने घालवायचे आणि तळाशी कधी कधी नुसती माती. परवान्याचे पैसे मात्र चालूच. पुढे दर कमी झाला, पण नवे गव्हर्नर हॉथम यांनी आठवड्यातून दोनदा तपासणी लावली. पोलीस दिसले की "जो! जो!" अशी आरोळी तंबूतंबूंतून फिरायची. हा जो म्हणजे चार्ल्स जोसेफ ला ट्रोब. आपल्याकडे जो जो म्हटलं की बाळ झोपतं, इथे झोपलेलेही उठून पळायचे.

29 नोव्हेंबर 1854 ला बेकरी हिलवर भरलेल्या सभेत खाणकऱ्यांनी परवाने जाळले. निळ्यावर पांढऱ्या चांदण्यांचा क्रॉस असलेला, पुढे 'युरेकाचा झेंडा' म्हणून ओळखला गेलेला झेंडा फडकला आणि पीटर लॉलर या आयरिश तरुणाच्या नेतृत्वाखाली लाकडांचं ओबडधोबड कुंपण उभं राहिलं. 3 डिसेंबरच्या रविवारी, पहाटे, सैन्यानं ते पाऊण तासाच्या आत मोडलं. किमान 22 खाणकरी गेले, लॉलरचा डावा हात गेला. पण राजद्रोहाचा खटला भरलेल्या तेराही जणांना ज्यूरीनं सोडलं. 1855 मध्ये मासिक परवाना जाऊन वर्षाला एक पौंडाचा 'मायनर्स राइट' आला, त्यासोबत मताचा हक्कही. त्याच वर्षी लॉलर विधिमंडळात जाऊन बसला!

शेवटची मोठी खाण 1918 ला बंद झाली. जुन्या खाणीच्या टेकडीवर उभारलेलं हे संग्रहालय उघडलं 1970 मध्ये, तारीख पुन्हा 29 नोव्हेंबर. इमारती बहुतेक नव्यानं बांधलेल्या आहेत, जुन्या मेन रोडच्या धर्तीवर. ओढ्यातलं सोनंसुद्धा व्यवस्थापनच टाकतं. तरी सोनं धुवायचा पसरट पॅन हातात घेतला की हे सगळं विसरायला होतं. गाळ फिरवत, तिरका करत वरची वाळू पाण्यासोबत सोडायची. शेवटी काळी रेती उरते आणि तिच्या कडेला, नशिबात असेल तर, मोहरीहून बारीक पिवळा कण. सराफ्यातला केर धुणाऱ्या झारेकऱ्याला हे दोन मिनिटांत जमलं असतं. आम्हाला तास लागला.

ओढ्याजवळच चिनी वस्तीचे तंबू आहेत. 1855 मध्ये व्हिक्टोरियानं जहाजानं येणाऱ्या प्रत्येक चिनी माणसावर दहा पौंड कर बसवला. तो चुकवायला हजारो जण शेजारच्या साउथ ऑस्ट्रेलियात, रोब बंदरात उतरले आणि तिथून चारशेहून अधिक किलोमीटर चालत सोन्याच्या प्रदेशात आले. युरेकाचा झेंडा आम्हाला आधीपासून माहीत होता, ही पायपीट नव्हती. तंबूपुढे उभं राहून पाटी वाचत होतो तेवढ्यात वरच्या रस्त्यावरून बंदुकीचे बार झाले आणि आमचे तिघं कवायत बघायला पळाले.